एका सहीसाठी चार हेलपाटे

बँकेच्या खिडकीवरचा नकार बहुधा तोंडी असतो. तो लेखी मागितला, की नियम खातेदाराच्या बाजूने उभे राहतात. बीड जिल्ह्यातील खातेदाराला ठाऊक असायला हवेत असे हे नियम आणि ते ठाऊक नसल्याची किंमत.

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील वाड्या आणि तांडे ओस पडू लागतात. शिरूर कासार, आष्टी, पाटोदा, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतील ऊसतोड मजुरांची जोडपी कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्याकडे निघतात. ती परततात थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. मग कधीतरी बँकेची पायरी चढावी लागते. अनुदान आले का पाहायचे असते, लग्नकार्यासाठी चार पैसे काढायचे असतात, खरिपाच्या कर्जाची विचारपूस करायची असते.

तिथे काय घडते, हे जिल्ह्यात कोणालाही विचारावे. पहिल्या दिवशी कळते की खाते बंद पडले आहे, केवायसी करावी लागेल. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जावे, तर ‘लिंक नाही, उद्या या’. तिसऱ्या दिवशी लिंक असते, पण सही करणारे साहेब बैठकीसाठी जिल्ह्याच्या गावी गेलेले असतात. चौथा दिवस नेमका महिन्याचा दुसरा शनिवार निघतो. ‘साहेब, सकाळधरनं बसलेय’ असे सांगणाऱ्या बाईला ‘मावशी, सिस्टिमच घेत नाही, मी काय करू?’ असे उत्तर मिळते. त्यात उर्मटपणा असतोच असे नाही. पण काम होत नाही, ते नाहीच.

या प्रकाराला मराठीत नेमका शब्द आहे, ‘हेलपाटा’. शहरातील नोकरदाराला बँकेची दिरंगाई म्हणजे चिडचीड. वाडीवरून तालुक्याला येणाऱ्या माणसाला मात्र प्रत्येक हेलपाट्यामागे एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे आणि शेजाऱ्याच्या भरवशावर सोडलेली गुरे-लेकरे असा हिशेब मांडावा लागतो. खात्यातील रक्कम हजार-दोन हजारांची असली, तर तीन-चार हेलपाट्यांत तिच्यातला मोठा वाटा प्रवासात आणि बुडालेल्या मजुरीतच जातो. या खर्चाची नोंद बँकेच्या कोणत्याही वहीत होत नाही.

निजामाच्या बँकेपासून विलीनीकरणापर्यंत

बीडचा बँकांशी असलेला संबंध समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाने १९४१ च्या कायद्याने आपली सरकारी बँक स्थापन केली. १९५६ मध्ये ती रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आली आणि ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ या नावाने पुढे साठ वर्षे मराठवाड्यात वावरली. जुन्या पिढीच्या तोंडी ती नुसती ‘हैदराबाद बँक’ होती. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

ग्रामीण बँकेचेही तसेच झाले. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली गेली. १ मे २०२५ रोजी ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणानुसार तीत विदर्भ-कोकण ग्रामीण बँकेचीही भर पडली. विलीनीकरणामागची आर्थिक कारणे काहीही असोत, खातेदारापर्यंत ती पोहोचतात ती बदललेल्या आयएफएससी कोडच्या, नव्या पासबुकाच्या आणि नव्याने मागितलेल्या कागदांच्या रूपाने.

तिसरी आणि शेतकऱ्याला सर्वांत जवळची बँक म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. गावची विविध कार्यकारी सेवा सोसायटी, तिचा गटसचिव आणि तालुक्याची जिल्हा बँकेची शाखा ही साखळी कितीही सदोष असली, तरी ती ओळखीची होती. गटसचिवाला कोणाची किती जमीन आणि कोणाचे किती देणे, हे तोंडपाठ असे. २०११ च्या सुमारास बीडची जिल्हा बँक गंभीर आर्थिक संकटात सापडली. संचालक मंडळाच्या जागी प्रशासक आला आणि ठेवीदारांना आपल्याच पैशांसाठी ताटकळावे लागले. सोसायटीच्या ओसरीवर सुटणारा प्रश्न मग राष्ट्रीयीकृत बँकेच्या खिडकीवर जाऊन पडला. तिथे ना माणूस ओळखीचा, ना भाषा. बीडमधील आजच्या गर्दीचे आणि त्राग्याचे एक मूळ येथे आहे.

‘नाही’ म्हणणे सोपे का?

बँक कर्मचाऱ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. अनेक ग्रामीण शाखांत माणसे कमी आहेत. जनधन योजना ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर खाती वाढली, शासनाची अनुदाने थेट खात्यात येऊ लागली, पण खिडक्या तेवढ्याच राहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे पहिले हप्ते जमा झाले, तेव्हा राज्यभरातील शाखांसमोर महिलांच्या रांगा लागल्या. ती गर्दी पेलण्याची तयारी फार थोड्या शाखांत होती. शिवाय शाखाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. त्याच्या डोक्यावर वसुलीचे, ठेवींचे आणि विमा विकण्याचेही उद्दिष्ट असते.

खरे कारण मात्र याहून खोल आहे. चुकीच्या कागदावर सही केली, तर अधिकाऱ्याची खातेनिहाय चौकशी होऊ शकते. बरोबर कागद परत पाठवला, तर कोणीही विचारत नाही. ज्या व्यवस्थेत ‘हो’ म्हणण्यात धोका आणि ‘नाही’ म्हणण्यात सुरक्षितता असते, तिथे ‘उद्या या’ हेच सर्वांत शहाणपणाचे उत्तर ठरते. संगणकीकरणानंतर अनेक निर्णय शाखेतून विभागीय कार्यालयाकडे गेले. खिडकीवरच्या माणसाकडे नकार कळवण्याचे काम उरले, तो बदलण्याचा अधिकार उरला नाही.

यावर उपाय एकच. ‘नाही’ म्हणण्यालाही जबाबदारी चिकटली पाहिजे. ती चिकटते तो नकार लेखी झाल्यावर. ग्राहकसेवेसंबंधीचे रिझर्व्ह बँकेचे बहुतेक निर्देश याच दिशेने जातात. १९९० मध्ये नेमलेल्या गोईपोरिया समितीपासून ही परंपरा आहे. कामकाजाच्या वेळेत काउंटर रिकामे राहू नये, वेळ संपण्यापूर्वी आत आलेल्या प्रत्येक ग्राहकाचे काम करावे, तक्रारवहीतील पाने अशी असावीत की एक प्रत तिथल्या तिथे तक्रारदाराच्या हाती पडावी, फलक आणि अर्ज प्रादेशिक भाषेतही असावेत, या गोष्टी बँकांना पुनःपुन्हा सांगण्यात आल्या आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकहक्कांची सनद जाहीर केली. तिच्यातील पाच हक्कांत पहिला हक्क न्याय्य वागणुकीचा आणि पाचवा तक्रार-निवारण व भरपाईचा आहे.

बंद पडलेले खाते

सर्वाधिक हेलपाटे केवायसीपायी होतात. नियम असा आहे. ग्राहकाची ओळख आणि पत्ता यांची पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा करायची असते. कमी जोखमीच्या ग्राहकासाठी हा काळ दहा वर्षांचा, मध्यम जोखमीसाठी आठ आणि अधिक जोखमीसाठी दोन वर्षांचा आहे. मजूर, लहान शेतकरी, निवृत्तिवेतनधारक बहुधा पहिल्या गटात मोडतात. माहितीत कोणताही बदल नसेल, तर तसे स्वघोषणापत्र पुरते, नव्याने सर्व कागद देण्याची गरज नसते.

१२ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने यात आणखी सुधारणा केल्या. मुदत संपण्यापूर्वी किमान तीन सूचना आणि संपल्यावर किमान तीन स्मरणपत्रे देणे बँकेवर बंधनकारक झाले. दोन्ही वेळी त्यांपैकी किमान एक सूचना पत्राने द्यायची आहे. कमी जोखमीच्या ग्राहकाचे व्यवहार मुदत उलटली म्हणून लगेच थांबवायचे नाहीत. त्याला मुदत उलटल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत सवलत आहे. गावातील बँकमित्रामार्फतही स्वघोषणापत्र स्वीकारता येते.

दोन वर्षे खातेदाराकडून कोणताच व्यवहार झाला नाही, तर खाते ‘निष्क्रिय’ ठरते. ते पुन्हा चालू करण्यासाठी शुल्क घेता येत नाही आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंडही लावता येत नाही. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शासकीय योजनांच्या लाभासाठी उघडलेले शून्य शिलकीचे खाते केवळ व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय करू नये, असेही त्यात म्हटले आहे. ऊसतोड मजुरांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद वेगळीच आहे. निष्क्रिय खाते चालू करण्यासाठी लागणारी केवायसी बँकेच्या कोणत्याही शाखेत करता आली पाहिजे. ‘तुमची मूळ शाखा पाटोद्याची, तिथेच जा’ हे उत्तर कोल्हापूर-सांगलीच्या शाखेने अशा खातेदाराला देता कामा नये.

अंगठा आणि आधार

कोयता चालवणाऱ्या, माती-सिमेंटमध्ये राबणाऱ्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा ‘घेत नाही’. अशा वेळी खातेदाराने लक्षात ठेवायचे ते इतकेच, की अंगठ्याचे यंत्र ही एक सोय आहे, खात्यातील पैशांवरील हक्काची अट नव्हे. शाखेत स्वतः हजर राहून, पासबुक दाखवून, पैसे काढण्याच्या स्लिपवर शाईचा अंगठा उमटवून रक्कम काढण्याची पद्धत कायम आहे.

बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा लावला, खात्यातून रक्कम वजा झाली आणि हाती पडलीच नाही, अशाही तक्रारी असतात. सप्टेंबर २०१९ च्या निर्देशानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत खात्यात परत जमा झाली पाहिजे. तसे न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. एटीएममध्ये अडकलेल्या पैशांनाही हाच हिशेब लागू आहे. ही भरपाई मागण्याची वाट न पाहता बँकेने आपणहून द्यायची आहे.

अनुदान ‘जमा झाले’ असे तहसील कार्यालय सांगते आणि पासबुकात मात्र ते दिसत नाही. यामागे बहुधा आधार-जोडणीचा गोंधळ असतो. एका माणसाची चार बँकांत खाती असली आणि चारही ठिकाणी आधार क्रमांक दिलेला असला, तरी अनुदान एकाच खात्यात जाते. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत ज्या बँकेचे नाव शेवटी लागले, त्या बँकेत ते पोहोचते. कधी काळी एखाद्या शिबिरात उघडलेले आणि विसरून गेलेले खातेच नेमके ते असू शकते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ही नोंद कोणत्या बँकेची आहे ते पाहता येते. चुकीच्या बँकेत पाच हेलपाटे घालण्यापूर्वी एवढी तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

पीककर्जाची खिडकी

जून उजाडला की पीककर्जासाठीची धावपळ सुरू होते आणि तीन ठरावीक वाक्ये कानांवर पडू लागतात. पहिले वाक्य, ‘तुमचे गाव आमच्याकडे दत्तक नाही’. बँकांना गावे वाटून देणारी सेवाक्षेत्र पद्धत १९८९ मध्ये सुरू झाली. शासनपुरस्कृत योजना वगळता तिची बंधने रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००४ मध्येच उठवली. दत्तक नसलेल्या गावचा म्हणून शेतकऱ्याला परत पाठवण्याचा आधार त्याच वेळी संपला.

दुसरे वाक्य, ‘गावातल्या सगळ्या बँकांची बेबाकी आणा’. बेबाकी प्रमाणपत्र म्हणजे कोणत्याही बँकेचे देणे नसल्याचा दाखला. तो गोळा करताना शेतकरी प्रत्येक बँकेच्या दारात उभा राहतो आणि बऱ्याचदा प्रत्येक ठिकाणी पैसेही मोजतो. ग्रामीण व निमशहरी भागातील वैयक्तिक कर्जदारांकडून, तसेच बचत गटांकडून असा दाखला मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये कळवले. मूळ शासकीय योजनेतच तशी अट असेल तेवढा अपवाद. कर्जदाराची माहिती बँकेला आता संगणकावर मिळते, तेव्हा शेतकऱ्याचे पाय झिजवण्याचे कारण उरत नाही.

तिसरे वाक्य, ‘सिबिल खराब आहे’. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला होता. बँका मात्र पतमाहिती पाहणे आपल्याला टाळता येत नाही, असे म्हणतात. या ओढाताणीत शेतकऱ्याने दोन गोष्टींचा आग्रह धरावा. कर्ज-अर्जाची पोच द्यावी, हे रिझर्व्ह बँकेने २००३ च्या उचित व्यवहार संहितेतच सांगितले. अर्ज फेटाळल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत, हा नियम आधी लहान कर्जांपुरता होता. २००७ पासून तो सर्व कर्जांना लागू झाला. प्रत्यक्षात अनेक अर्ज फेटाळलेच जात नाहीत, कारण ते स्वीकारलेलेच नसतात. तोंडी विचारणा, तोंडी नकार, अर्ज कधी आलाच नाही. अर्ज दिला आणि पोच घेतली, तरच नकाराचा जन्म होतो आणि मग त्याविरुद्ध दाद मागता येते. जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही, हीदेखील लक्षात ठेवण्याजोगी बाब.

याच खिडकीशी निगडित दुसरे दुखणे म्हणजे ‘होल्ड’. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणा आणि गोदावरीच्या काठची शेते खरवडून निघाली. अशा आपत्तीत शासन मदत जाहीर करते. ती खात्यात येते आणि जुने कर्ज थकीत असल्याने खात्यावर लावलेल्या होल्डमुळे अडकते. आपत्तीच्या मदतीतून कोणत्याही बँकेने कर्जवसुली करू नये, असे कलम या मदतीच्या शासन निर्णयांत असते. त्या शासन निर्णयाची प्रत अर्जाला जोडून होल्ड उठवण्याची लेखी मागणी करणे आणि तिची एक प्रत तहसीलदारांना व जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना देणे, हा यावरचा सर्वांत जवळचा मार्ग.

घरातील कर्ता गेल्यावर

सर्वांत क्लेशदायक हेलपाटे असतात ते मृत खातेदाराच्या वारसांचे. घरावर दुःखाचा डोंगर कोसळलेला असताना विधवेला ‘कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणा’ असे सांगितले जाते. वास्तविक खात्यावर वारसाचे नामनिर्देशन झालेले असेल, तर असे प्रमाणपत्र मागण्याचे कारण नाही. नामनिर्देशन नसले तरीही ठरावीक रकमेपर्यंत न्यायालयात जाण्याची सक्ती नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या निर्देशांत ही किमान मर्यादा व्यापारी बँकांसाठी १५ लाख आणि सहकारी बँकांसाठी ५ लाख रुपये ठरवण्यात आली. कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास बँक दराहून चार टक्के अधिक दराने व्याजही द्यायचे आहे. वारसांत वाद असेल, तर मात्र न्यायालयाचा मार्ग अटळ ठरतो.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. पासबुक उघडून त्यावर नामनिर्देशनाची नोंद आहे की नाही, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे पुढचे अनेक महिने वाचवतात.

‘या, बसा’ म्हणणारी दुसरी खिडकी

बँकांच्या या वागणुकीची आणखी एक किंमत बीडने मोजली आहे आणि ती फार मोठी आहे. एकीकडे ‘उद्या या’ म्हणणारी खिडकी होती. दुसरीकडे चकचकीत कार्यालये थाटून ‘या, बसा, चहा घ्या’ म्हणणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्था गावोगाव उभ्या राहिल्या. ओळखीचा तरुण घरी येऊन ठेव घेई, कागदांचा जाच नसे आणि व्याज बँकेहून कितीतरी अधिक. अनेकांनी जमीन विकून आलेले, निवृत्तीनंतर मिळालेले, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे तिथे ठेवले.

बीडला मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे पुढे काय झाले, हे सर्वांसमोर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थेशी संबंधित उद्योगसमूहावर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले, ठेवीदारांनी गर्दी केली आणि ठेवी परत मिळणे थांबले. २०२४ मध्ये अध्यक्षांना अटक झाली, सक्तवसुली संचालनालयाचा तपास सुरू झाला. १२ ते १४ टक्के व्याजाचे आमिष दाखवून ठेवी गोळा केल्या आणि त्या उद्योगसमूहाकडे वळवल्या, असा या यंत्रणेचा आरोप आहे. अडकलेले ठेवीदार लाखोंच्या घरात आहेत.

लोक तिकडे केवळ बँकांच्या वागणुकीमुळे गेले, असे म्हणता येणार नाही. व्याजाचा मोह होताच. पण जिथे माणसाला माणूस म्हणून वागवले जाते तिकडे तो ओढला जातो, हेही तितकेच खरे. येथे एक भेद प्रत्येकाने मनात कोरून ठेवावा. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था, मग ती मल्टिस्टेट असली तरी, बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नाही आणि तिच्या ठेवींना हा विमाही नाही. ती बुडाली तर उरतो तो १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्तीचा आणि लिलावाचा लांबलचक मार्ग. रुक्ष खिडकीमागे कायदा उभा असतो. गोड बोलणाऱ्या खिडकीमागे तो असतोच असे नाही.

दाद कशी मागावी?

पहिली पायरी शाखेतच आहे. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहावा. त्यात खाते क्रमांक, कोणत्या तारखेला कोणत्या कामासाठी आलो, काय उत्तर मिळाले आणि नेमके काय हवे आहे, एवढेच असावे. दोन प्रती काढाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. पोच देण्यास नकार मिळाल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. टपालाची पावती ही तितकीच भक्कम पोच असते. अनेक कामे या एका कागदानेच मार्गी लागतात, कारण आता फाइल तयार झालेली असते आणि न केलेल्या कामाचा जाब कोणाला तरी द्यावा लागणार असतो.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. बँकिंग लोकपाल योजना १९९५ पासून आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती ‘एकात्मिक लोकपाल योजना’ झाली. तेव्हापासून कोणत्या शहरातील लोकपालाकडे जायचे हा प्रश्न उरला नाही. तक्रार संकेतस्थळावरून करता येते, तशीच ‘भारतीय रिझर्व्ह बँक, सेंट्रल व्हिस्टा, सेक्टर १७, चंदीगड १६००१७’ या पत्त्यावर साध्या पत्रानेही पाठवता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. बँकेच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापासाठी आणखी एक लाखापर्यंत भरपाई देण्याची तरतूद २०२१ च्या योजनेने केली. बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा नसेल, तर मात्र तक्रार तिथेच परत येते. म्हणूनच ती शिक्का मारलेली दुसरी प्रत जपून ठेवायची.

जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या खातेदाराला हे दार पूर्वी बंद होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेत आल्या. बीडसारख्या जिल्ह्यासाठी हा बदल मोठा आहे आणि तो गावागावांत पोहोचायला हवा. याखेरीज जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत तिथे शुल्क लागत नाही.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, की ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याने काय करावे? प्रश्न रास्त आहे. गावातील शिकलेली मुले, बचत गटाच्या ताई, ग्रामपंचायतीचा संगणक चालवणारा तरुण, निवृत्त गुरुजी यांनी महिन्यातून एक दिवस असे अर्ज लिहून द्यायचे ठरवले, तरी फार मोठे काम होईल. बँकांनाही काही अवघड करायचे नाही. ज्या तालुक्यांतील अर्धे खातेदार हंगामात बाहेर असतात, तिथे मजूर निघण्यापूर्वी आणि परतल्यानंतर वाडीवर केवायसीचे शिबिर भरवावे. हे काम बँकमित्रामार्फतही होऊ शकते. कोणत्या कामाला कोणते कागद लागतात याचा मराठी फलक दाराशी लावला आणि परत पाठवलेल्या माणसाच्या हाती कारणाची चिठ्ठी दिली, तर रांगा निम्म्याने कमी होतील.

दिवाळीनंतर गाड्या पुन्हा भरतील. पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या त्या माणसांचे घामाचे चार पैसे तालुक्याच्या शाखेत पडून असतील. परत आल्यावर ते एका फेरीत हाती पडावेत, एवढीच त्यांची बँकेकडून अपेक्षा आहे.